पर्शुकांतर स्नायू

पर्शुकांतर स्नायू : लगतच्या दोन बरगड्यांमधील (पर्शुकांमधील) फट भरून काढणाऱ्या आणि त्या बरगड्यांना परस्परांशी जोडणाऱ्या पातळ स्नायुपटांना ‘पर्शुकांतर स्नायू’ म्हणतात. मानवात बरगड्यांच्या १२ जोड्या असल्यामुळे प्रत्येक बाजूस ११ पर्शुकांतर अवकाश (दोन बरगड्यांमधील जागा) असतात व त्या प्रत्येकात या स्नायूंचे एकावर एक असे तीन थर आढळतात. छातीच्या पिंजऱ्याच्या हाडांमधील जागा बंद करणे, श्वसनाच्या वेळी बरगड्या वरखाली करणे आणि छातीच्या आत दाब कमी झाला असता या जागा आत ओढल्या जाऊ न देणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत. शांत श्वसनाचा बहुतेक भार मध्यपटलावर (छाती व पोट यांना विभागणाऱ्या स्नायुमय पडद्यावर) पडत असल्यामुळे पर्शुकांतर स्नायू दुय्यम मानण्याची प्रथा आहे. परंतु मध्यपटलाला छातीची भिंत ताठ ठेवून मिळाली नाही, तर त्याचे पुष्कळसे श्रम वाया जातात, ही गोष्ट या प्रथेत दुर्लक्षित राहते.

रचना : बरगड्या पाठीच्या कण्यापासून निघून पुढे व खाली अशा तिरप्या जातात. त्यामुळे प्रत्येक बरगडीचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा खालच्या पातळीवर असते. पर्शुकांतर अवकाश मागील बाजूपेक्षा पुढील बाजूस आणि खालच्या भागापेक्षा वरच्या भागात अधिक रुंद असतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेलगत आतल्या अंगाला एक उथळ खोबण असते. ही खोबण पुढील वर्णनात वारंवार येणार असल्यामुळे तिचे स्थान ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बाहेरून पहिला थर ‘बाह्य पर्शुकांतर स्नायू’ हा होय. तो वरच्या बरगडीच्या खालच्या कडेपासून निघून खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला चिकटतो. छातीच्या बाजूला व पुढे त्याचे तंतू खाली व पुढे, म्हणजे सदऱ्याच्या खिशात हात घालताना बोटांची जी दिशा असते त्या दिशेने जातात. मागील बाजूस बरगडीच्या गुलिकेपासून (मणक्याच्या आडव्या प्रवर्धाशी सांधणाऱ्या उंचवट्यापासून) पुढे बरगडीचे हाड संपून उपास्थी (कूर्चा) सुरू होते तेथपर्यंतच हा स्नायू पसरलेला असतो. तेथून उरोस्थीपर्यंतच्या (छातीच्या मधल्या हाडापर्यंतच्या) भागात त्याची जागा एक पातळ तंतुमय पटल घेते.

दुसरा थर ‘अंतस्थ पर्शुकांतर स्नायू’ हा बरोबर उलट रीतीने मांडलेला असतो. तो पुढे उरोस्थीच्या कडेपासून सुरू होतो व मागे बरगडीच्या कोनापाशी, म्हणजे बरगडी पाठीकडून बाजूला वळते त्या ठिकाणी, संपतो. तेथून कण्यापर्यंत पटल असते. त्याचे तंतू वरच्या बरगडीच्या खोबणीपासून निघून खाली व मागे जातात आणि बाह्य थराच्या तंतूंना जवळजवळ काटकोनात छेदतात. याचा परिणाम असा होतो की, छातीच्या बाजूला दोन्ही थर असतात, उरोस्थीजवळ मात्र फक्त अंतस्थ थर आणि कण्याजवळ फक्त बाह्य थर स्नायुरूपात उरतो. वरवर पाहता ही केवळ वर्णनाची बाब वाटते. तथापि या दोन जागांचे श्वसनातील महत्त्व सर्वांत अधिक आहे, हे पुढे दिसून येईल.

‘अंतरतम पर्शुकांतर स्नायू’ हा तिसरा थर अपुरा व अस्थिर असतो. त्याचे तंतू अंतस्थ थराच्याच दिशेने जातात. म्हणून काही शारीरविज्ञ त्याला स्वतंत्र स्नायू मानीत नाहीत. तथापि या दोन थरांमधून तंत्रिका व रक्तवाहिन्या जातात, एवढ्या कारणासाठी तो वेगळा ओळखणे सोयीचे ठरते. याच पातळीवर मागील बाजूस, विशेषतः छातीच्या खालच्या भागात, दोन किंवा तीन बरगड्या ओलांडून जाणारे ‘अधोपर्शुक’ तंतू असतात. पुढील बाजूस उरोस्थीच्या आतल्या पृष्ठापासून वरच्या व बाहेरच्या दिशेने उपास्थींकडे पंख्यासारखा पसरलेला ‘अनुप्रस्थ वक्ष स्नायू’ असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंस मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांपासून खालच्या बरगडीला जाणाऱ्या लहान ‘पर्शुका उत्थापक’ स्नायूंच्या १२ जोड्या असतात. ते नावाने व कार्याने या गटाचे वाटत असले, तरी त्यांची तंत्रिका पाठीच्या स्नायूंना जाणाऱ्या शाखेपासून येते.

सर्व थरांच्या आत एक पातळ प्रावरणी (संयोजी ऊतकाचा, म्हणजे जोडणाऱ्या पेशीजालाचा, थर) आणि तिच्या आत परिफुप्फुस (फुप्फुसावरील व छातीच्या आतल्या भिंतीवरील आवरण) असते. छातीच्या बाजूला टोचलेली सुई त्वचा, त्वचेखालील मेद, तेथील बाहेरचा मोठा स्नायू, तीन पर्शुकांतर थर, प्रावरणी व परिफुप्फुस या क्रमाने आत जाते. हे सर्व अंतर कृश व्यक्तीत फारच थोडे असते.

छातीचे तीन थर आणि पोटाच्या भिंतीतील तीन सपाट स्नायू यांत स्पष्ट साम्य आहे. बाह्य पर्शुकांतर स्नायूची दिशा पोटाच्या बाह्य तिरकस स्नायूत, तर अंतस्थाची दिशा अंतस्थ तिरकस स्नायूत पुढे चालू राहते. भ्रूणावस्थेत हे सर्व स्नायू शरीरखंडांच्या (कायखंडांच्या) पुढच्या अंगाला वाढणाऱ्या स्नायुभागापासून तयार होतात. पोटात खंडांच्या सीमा पुसल्या जाऊन अखंड पट बनतात. छातीत मात्र मध्ये बरगड्या वाढल्यामुळे मूळची खंडमय रचना जन्मभर टिकते. मानवी शरीर एकेकाळी खंडांनी बनलेले होते याचा इतका स्वच्छ पुरावा प्रौढ शरीरात क्वचितच अन्यत्र मिळतो.

तंत्रिका व रक्तपुरवठा : प्रत्येक अवकाशाला त्याच क्रमांकाच्या वक्षीय मेरुतंत्रिकेची (मेरुरज्जूपासून छातीच्या पातळीवर निघणाऱ्या मज्जातंतूची) पुढची शाखा मिळते. तिला ‘पर्शुकांतर तंत्रिका’ म्हणतात. पहिल्या तंत्रिकेचा मोठा भाग हाताकडे जाणाऱ्या तंत्रिकाजालात सामील होतो. दुसरीची एक शाखा काखेतील व दंडाच्या आतील बाजूच्या त्वचेला जाते. तिसरी ते सहावी या तंत्रिका छातीच्या भिंतीतच संपतात. सातवी ते अकरावी या बरगड्यांच्या कडेखालून निसटून पोटाच्या भिंतीत शिरतात व तेथील स्नायूंना आणि त्वचेला पुरवठा करतात. स्तनाग्राच्या पातळीवरील त्वचेला चौथी व बेंबीच्या पातळीवरील त्वचेला दहावी तंत्रिका संवेदना देते.

मागील पर्शुकांतर रोहिण्यांपैकी पहिल्या दोन अधोजत्रु (गळपट्टीच्या हाडाखालील) रोहिणीच्या एका उपशाखेपासून आणि उरलेल्या नऊ महारोहिणीपासून निघतात. पुढील रोहिण्या उरोस्थीच्या कडेने उतरणाऱ्या अंतस्थ वक्ष रोहिणीपासून व तिच्या शाखेपासून येतात. शेवटच्या दोन अवकाशांत त्या नसतात. पुढच्या व मागच्या रोहिण्या एकमेकींना मिळत असल्यामुळे प्रत्येक अवकाशात एक कडे तयार होते. महारोहिणी जन्मतः एका जागी अरुंद असेल, तर रक्त हा आडमार्ग धरते. अशा रुग्णात पर्शुकांतर रोहिण्या फुगून नागमोडी होतात व बरगड्यांच्या खालच्या कडांना खाचा पाडतात. क्ष-किरण चित्रात या खाचा दिसल्या, तर दोष हृदयालगतच्या महावाहिनीत शोधावा लागतो.

नीला, रोहिणी व तंत्रिका या तीन वाहिन्या वरून खाली याच क्रमाने वरच्या बरगडीच्या खोबणीत राहतात. नीला व रोहिणी हाडाच्या आडोशाला असतात, तंत्रिका मात्र बहुधा कडेखाली थोडी उघडी पडते. बरगडीच्या कोनाच्या मागे, कण्याजवळ, हा आडोसा नसतो. तेथे रोहिणी अवकाशाच्या मध्यातून जाते आणि वृद्धांत ती अधिक वळणावळणाची असते. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने जाणारी एक दुय्यम शाखाही असते, परंतु ती लहान असते.

कार्य : पर्शुकांतर स्नायूंचे थर दोन, त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध, मग त्यांचे कार्यही परस्परविरुद्ध असले पाहिजे काय, या साध्या प्रश्नाने शरीरक्रियावैज्ञानिकांना दीर्घ काळ गुंतवून ठेवले. गेलेन (१२९–सु. २१६) यांनी प्राण्यांत मेरुरज्जू निरनिराळ्या पातळ्यांवर कापून व पर्शुकांतर तंत्रिका बांधून श्वसनावर आणि आवाजावर होणारा परिणाम पाहिला होता. छातीच्या स्नायूंची शक्ती गेली की प्राण्याचा आवाजही जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

अठराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील येना येथील गेओर्ख एर्हार्ट हांबेर्गर (१६९७–१७५५) आणि गटिंगेन येथील आल्ब्रेख्ट फोन हालर (१७०८–७७) यांच्यात या विषयावर कडाक्याचा वाद झाला. हांबेर्गर यांनी १७४९ मध्ये केवळ भूमितीच्या आधारे उत्तर दिले. कण्याला बिजागरीने जोडलेल्या दोन समांतर पट्ट्या म्हणजे दोन बरगड्या, असे समजावे. त्यांच्यामध्ये तिरपी दोरी बांधून ती आखडली, तर ती वरची पट्टी खाली व खालची पट्टी वर ओढू पाहते. ज्या पट्टीवर दोरीची गाठ बिजागरीपासून अधिक दूर असेल, त्या पट्टीवर तरफेचा जोर अधिक पडतो व दोन्ही पट्ट्या त्या बाजूने हलतात. बाह्य स्नायूचे खालचे टोक कण्यापासून दूर असते, म्हणून तो बरगड्या उचलतो. अंतस्थ स्नायूचे वरचे टोक दूर असते, म्हणून तो बरगड्या खाली ओढतो. उपास्थींच्या भागात बिजागरी कण्याऐवजी उरोस्थीपाशी मानावी लागते. तेथे त्याच अंतस्थ स्नायूचे खालचे टोक बिजागरीपासून दूर पडते आणि तो उचलण्याचे काम करतो. दोरीची दिशा तीच, फक्त खुंटी बदलली की काम उलटते.

हालर यांचे मत असे की, पहिली बरगडी इतरांपेक्षा घट्ट बसलेली असल्यामुळे कोणताही पर्शुकांतर स्नायू आखडला तरी बरगड्या वरच ओढल्या जाणार. तेव्हा दोन्ही थर अंतःश्वसनाचेच (श्वास आत घेण्याचेच) होत. या वादाची दुसरी बाजूही होती. फुप्फुस व छातीची भिंत यांच्यामध्ये हवा असते, असे हांबेर्गर मानीत. हालर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी तेथे हवा नसते हे सिद्ध केले आणि त्या मुद्द्यावर ते निर्विवाद विजयी झाले. त्यांचा दरारा एवढा होता की, एका मुद्द्यावरील विजयामुळे दुसऱ्या मुद्द्यावरील त्यांचे मतही अनेकांना बरोबर वाटले. एकोणिसाव्या शतकात विजेने स्नायू उद्दीपित करून पाहणारे फ्रेंच वैद्य द्यूशेन (१८०६–७५) हेही दोन्ही थर बरगड्या उचलतात याच निष्कर्षाला आले. या निष्कर्षात तथ्य नव्हते असे नाही. एकाच अवकाशातील एखादा थर एकटा आखडला, तर वरच्या बरगड्या खाली येण्यापेक्षा खालच्या बरगड्या वर जाणे सोपे असते. परंतु जिवंत प्राण्यात कोणता थर केव्हा आखडतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नव्हता.

तो सुटण्यास विद्युत् स्नायुलेखनाची (स्नायूंतील विद्युत् बदल नोंदण्याची) वाट पाहावी लागली. १९६० मध्ये टेलर यांनी माणसाच्या पर्शुकांतर स्नायूंत सुया घालून केलेल्या नोंदींत असे आढळले की, शांत श्वसनात उरोस्थीलगतचा उपास्थींमधील भाग अंतःश्वसनात आणि छातीच्या बाजूचा, हाडांमधील अंतस्थ थर निःश्वसनात (श्वास सोडताना) कार्य करतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बेल्जियममधील आंद्रे द त्रोयेर व त्यांचे सहकारी यांनी प्रथम कुत्र्यांत आणि नंतर माणसांत प्रत्येक अवकाशाच्या निरनिराळ्या जागी स्नायूची फुप्फुस फुगविण्याची क्षमता मोजली. तीवरून हांबेर्गर यांची भूमिती मुळात बरोबर, पण अपुरी असल्याचे दिसले. कारण बरगड्या सरळ पट्ट्या नसून वक्र आहेत आणि त्यांची वक्रता प्रत्येक पातळीवर निराळी आहे. बाह्य थराचा उचलण्याचा गुण छातीच्या वरच्या व मागच्या भागात सर्वाधिक असतो. खाली व पुढे येताना तो कमी होत जाऊन अखेरीस उलटतो. अंतस्थ थराचा दाबण्याचा गुण खालच्या व मागच्या भागात अधिक असतो आणि उरोस्थीकडे येताना तो उचलण्याच्या गुणात बदलतो. मेंदूकडून येणारे आदेशही नेमके याच प्रमाणात वाटले जातात : जेथे स्नायू कामाला अधिक उपयोगी, तेथे आदेश आधी व जोराने पोचतो. म्हणून ‘बाह्य थर श्वास घेण्याचा व अंतस्थ थर श्वास सोडण्याचा’ हे पाठ्यपुस्तकांतील सूत्र स्मरणासाठी ठीक असले, तरी स्नायूचे कार्य त्याच्या थरापेक्षा त्याच्या जागेवर अवलंबून असते असे म्हणणे अधिक अचूक होय.

बरगड्या वर उचलल्याने छाती दोन दिशांनी वाढते. वरच्या बरगड्यांची पुढची टोके हातपंपाच्या दांड्याप्रमाणे वर व पुढे जातात आणि छातीची खोली वाढते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूला उचलल्या जाऊन रुंदी वाढते. शांत निःश्वसन बहुतांशी ताणलेल्या फुप्फुसाच्या लवचिकतेमुळे आपोआप होते. खोकणे, शिंकणे, फुंकणे यांसाठी मात्र अंतस्थ थर व पोटाचे स्नायू एकदम आखडावे लागतात.

बोलणे व गाणे यांत या स्नायूंचे सर्वांत नाजूक काम दिसते. १९५९ मध्ये ड्रेपर, लाडफोगिड व व्हिटरिज यांनी दाखविल्याप्रमाणे खोल श्वास घेऊन बोलू लागल्यावर प्रारंभी श्वास घेणारे बाह्य स्नायू शिथिल न होता आखडलेलेच राहतात व फुगलेल्या छातीला एकदम मिटू देत नाहीत. श्वास जसजसा सरतो, तसतसा हा लगाम सुटत जातो. मग अंतस्थ थर व शेवटी पोटाचे स्नायू हवा बाहेर ढकलू लागतात. त्यामुळे आवाजाखालचा दाब जवळजवळ स्थिर राहतो. गायनात ज्याला ‘दमसास’ म्हणतात, तो केवळ फुप्फुसात किती हवा मावते यावर अवलंबून नसून ती किती संथपणे सोडता येते यावरही अवलंबून असतो. पर्शुकांतर स्नायूंत ताण मोजणाऱ्या स्नायुतर्कू या संवेदी रचना भरपूर असतात व मध्यपटलात त्या फारच थोड्या असतात, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण आहे. धड वळविण्यातही हे स्नायू भाग घेतात : धड उजवीकडे वळताना डावीकडील बाह्य व उजवीकडील अंतस्थ थर आखडतो.

इतर प्राण्यांत : सरड्यांसारख्या सरीसृपांना मध्यपटल नसते. त्यांचे बरगड्यांमधील स्नायू धड दोन्ही बाजूंना वाकवून पळण्यासाठी आणि श्वसनासाठी असे दोन्ही कामांना लागतात. म्हणून वेगाने पळताना त्यांचे श्वसन अडते व त्यांना थोडे अंतर जाऊन थांबावे लागते. कासवाच्या बरगड्या पाठीच्या कवचात घट्ट बसल्यामुळे प्रौढ प्राण्यात हे स्नायू नाहीसे होतात आणि श्वसन शरीराच्या अन्य स्नायूंवर सोपविले जाते.

वैद्यकीय महत्त्व : परिफुप्फुसाच्या पोकळीत पाणी, पू किंवा रक्त साचल्यास ते सुईने काढावे लागते. वाहिन्या वरच्या बरगडीच्या आडोशाला असतात, म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लावून आत घालतात. कण्याजवळ रोहिणी उघडी असल्याने तेथे सुई टोचणे टाळतात. हे नियम शिकविण्यास दोन वाक्ये पुरतात. ते मोडल्यास होणारा रक्तस्राव मात्र बंद छातीत दडून राहतो व ध्यानात येईपर्यंत पुष्कळ रक्त गेलेले असते. हवा किंवा रक्त सतत बाहेर काढण्यासाठी नळी घालावयाची असल्यास ती बहुधा काखेच्या खाली पाचव्या अवकाशाच्या सुमारास घालतात, कारण तेथे स्नायूंचा थर पातळ असतो.

लहान मुलांत बरगड्या जवळजवळ आडव्या व मऊ असतात. फुप्फुसशोथाने (न्यूमोनियाने) फुप्फुस कडक झाले म्हणजे मध्यपटल जोराने खाली ओढते, कोवळी भिंत तो ओढा सोसू शकत नाही आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत जातो. घरातील स्त्रिया ‘बाळाचे पोट उडते’ असे जे सांगतात, त्यात हीच खूण पुष्कळदा अभिप्रेत असते. उपकरणाशिवाय, केवळ अंगावरील कपडा वर करून व मूल शांत असताना पाहून ती ओळखता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तिला श्वासाच्या वेगाबरोबर निदानाच्या निकषांत स्थान दिले आहे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलात मिनिटाला ५० किंवा अधिक व त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हा जलद श्वास समजतात. २०१४ च्या सुधारित वर्गीकरणानुसार केवळ छाती आत ओढली जाणाऱ्या, पण धोक्याची अन्य लक्षणे नसलेल्या मुलांना तोंडाने घेण्याच्या प्रतिजैव औषधाने घरी उपचार करता येतात. दोन महिन्यांखालील अर्भकात मात्र ही खूण ठळक असल्यास रुग्णालयच गाठावे लागते. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी १९८८ पासून गावातील कार्यकर्त्यांकडून मुलांतील फुप्फुसशोथाचे निदान व उपचार करविले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दाखविले आहे.

मानेच्या खालच्या भागात मेरुरज्जूला इजा झाल्यास मध्यपटलाची तंत्रिका (ती मानेतील तिसऱ्या ते पाचव्या खंडांतून निघते) वाचते, परंतु सर्व पर्शुकांतर स्नायू लुळे पडतात. रुग्ण श्वास घेतो, तथापि प्रत्येक श्वासाबरोबर छातीचा वरचा भाग आत जातो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे त्याला जोराने खोकता येत नाही. श्वासनलिकांत कफ साठून होणारा फुप्फुसशोथ हे अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण असते, म्हणून छाती व पोट हातांनी दाबून खोकण्यास साहाय्य करणे हा त्यांच्या शुश्रूषेचा आवश्यक भाग असतो. बालपक्षाघातात (पोलिओत) हे स्नायू व मध्यपटल दोन्ही निकामी होऊ शकत. त्यासाठी बॉस्टन येथे फिलिप ड्रिंकर व लूइस शॉ यांनी बनविलेले ‘लोखंडी फुप्फुस’ हे यंत्र १९२८ मध्ये प्रथम वापरण्यात आले. भारतात रानटी विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला.

ईथर देऊन शुद्धिहरण (भूल) करण्याच्या काळात भूल खोल जाऊ लागली की आधी पर्शुकांतर स्नायू थंडावत व मध्यपटल शेवटपर्यंत चालू राही. पोट हलते पण छाती हलत नाही, हे दिसताच शुद्धिहरणतज्ञ सावध होत असे. आता निरनिराळी मापनयंत्रे असल्यामुळे या निरीक्षणावर विसंबावे लागत नाही. परंतु ते विसरण्याजोगेही नाही.

लगतच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्यास भिंतीचा तेवढा तुकडा सुटा होऊन श्वासाच्या उलट हलतो. एकच बरगडी मोडली, तर तिच्या वरच्या व खालच्या अवकाशांतील स्नायू तिला धरून ठेवतात. त्यामुळे तुकडे सहसा फारसे सरकत नाहीत. अचानक वळल्याने किंवा दीर्घकाळ खोकल्याने हे स्नायू ताणले जाऊन ‘उसण’ भरते. ती दीर्घ श्वासाबरोबर व बोटाने दाबल्यावर वाढते. बोटाने दाबून दुखते एवढ्यावरून छातीतील दुखणे हृदयाचे नाही असे मात्र ठरविता येत नाही.

खालच्या पर्शुकांतर तंत्रिका पोटाच्या भिंतीतही जात असल्यामुळे फुप्फुसाच्या तळाचा शोथ किंवा परिफुप्फुसशोथ कधीकधी पोटदुखी व पोटाचा ताठरपणा या रूपाने प्रकट होतो. मुलांत उजव्या बाजूचा असा आजार आंत्रपुच्छशोथ (अपेंडिसायटीस) समजला जाऊन विनाकारण शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो. म्हणून पोट दुखणाऱ्या मुलाची छातीही तपासणे इष्ट असते. कण्याच्या क्षयाचा पू याच वाहिन्यांच्या वाटेने पुढे सरकून छातीच्या बाजूला, मूळ रोगापासून दूर, गाठीच्या रूपाने दिसू शकतो.

नागीण या विकारात विषाणू एखाद्या तंत्रिकेच्या मुळाशी जागृत होऊन तिच्या क्षेत्रातील त्वचेवर फोडांचा पट्टा उठवतो; हा पट्टा छातीवर सर्वाधिक आढळतो. नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस मिळाले की रोगी दगावतो, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. पर्शुकांतर तंत्रिका शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून एका बाजूचा पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. भीतीचे खरे कारण निराळे आहे : फोड सुकल्यावरही त्या तंत्रिकेत महिनोन्महिने वेदना राहू शकतात आणि वृद्धांत तशी शक्यता अधिक असते. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकविताना तंत्रिका दाबली गेल्यासही अशीच चिवट वेदना मागे राहते. बरगडीच्या कोनापाशी संवेदनाहारक औषध टोचून ती तात्पुरती थांबविता येते.

एक अलीकडचा उपयोग उल्लेखनीय आहे. अपघातात, विशेषतः दुचाकीवरून पडल्याने, हाताचे तंत्रिकाजाल मुळापासून उपटले गेले तर कोपर वाकविणे अशक्य होते. अशा वेळी दोन किंवा तीन पर्शुकांतर तंत्रिका (बहुधा तिसरी ते पाचवी) छातीतून सोडवून दंडाच्या स्नायूच्या तंत्रिकेला जोडतात. उरलेले स्नायू श्वसनाचे काम सामान्यतः निभावतात. काही महिन्यांनी दंडात पहिली हालचाल दिसते, ती रुग्णाने खोल श्वास घेतल्यावर किंवा खोकल्यावर. कारण मेंदूच्या लेखी ती तंत्रिका अजून बरगड्यांचीच असते. सरावाने पुढे रुग्ण श्वास न घेताही कोपर वाकवू लागतो.